मंडळीचं होय

माझ्या भावाने आपल्या मुलीला शाळेतून काढलं ते आधी देवाला सांगून, मग मंडळीला सांगून आणि सगळ्यात शेवटी मला. मी त्याची थोरली बहीण. त्यातून ती शाळा माझी, म्हणजे मी तिथेच नोकरी करते, माध्यमिकच्या वर्गांना मराठी आणि इतिहास शिकवते. साधी सरकारी शाळा, कोपरखैरण्यातली. पण हा निर्णय मला कळला तो समाजमंदिराच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, बाकीच्या सगळ्यांबरोबर. त्या दिवशी जी डोक्यात तिडीक गेली ती अजून पुरती उतरलेली नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं चर्च नाही. दर रविवारी सकाळी आम्ही समाजमंदिर भाड्याने घेतो. शनिवारी तिथे कुणाची तरी हळद नाहीतर बारसं झालेलं असतं, त्यामुळे आमची उपासना झाडूने सुरू होते. झेंडूच्या पाकळ्या, पत्रावळी, फुटके फुगे गोळा करायचे, फरशीवरचं चिकट सरबत पुसायचं, मग खुर्च्या मांडायच्या. बिर्याणीचा वास काही जात नाही. त्या वासातच आम्ही गीतं म्हणतो, आणि मला त्याचं कधी काही वाटलेलं नाही.

उपासनेत साक्षीची वेळ असते. कुणीही उठावं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगावं. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं, कुणाची दारू सुटलेली असते. साक्ष संपली की सगळे ‘आमेन’ म्हणतात. त्यात विचार असा नसतो, जेवण झाल्यावर पाणी प्यावं तसं ते तोंडातून येतं. पण एकदा साक्ष दिली की ती मागे घ्यायची सोय आमच्यात नाही. देवासमोर बोललेलं परत कसं घेणार? दुकानातून आणलेला शर्ट आहे का तो?

तर त्या रविवारी माझा भाऊ उठला. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. म्हणाला, मुलं देवाने आईबापाच्या हातात दिली आहेत, सरकारच्या नाही. तिच्या शिक्षणाचा जाब देव मला विचारणार आहे, मास्तरांना नाही. शाळेत रोज मूर्तीपुढे प्रार्थना होते, पोरं घाणेरडं बोलतात, आणि आठवीच्या वर्गाला गणिताचा शिक्षकच नाही. म्हणून प्रभूच्या इच्छेने मी मुलीला शाळेतून काढतोय आणि घरीच शिकवणार आहे.

‘आमेन,’ मंडळी म्हणाली.

शेजारी त्याची बायको, माझी भावजय, मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्या पलीकडे माझी भाची. तेरा वर्षांची पोर. तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी करीन असं तिला वाटलं असावं.

उपासनेनंतर चहा असतो. चहाचा कप न घेता मी भावाला बाहेर, त्याच्या स्कूटरपाशी गाठलं.

‘घरी कोण शिकवणार?’

‘आमी दोघं.’

‘तू सकाळी आठला कळंबोलीला जातोस. संध्याकाळी येतोस तेव्हा तुझ्यात जेवायचं त्राण नसतं. कधी शिकवणार? आंघोळ करता करता?’

भाऊ कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे आहे. ट्रकवर माल चढतो तो वजनाला बरोबर आहे का, हे बघायचं त्याचं काम. किलोभर सळई कमी भरली तर हा माणूस समोरच्याची पिसं काढतो.

‘ताई, तुला राग येनारच,’ तो म्हणाला. ‘तुजी शाळा ना ती.’

‘माझी शाळा? आणि तुझी नाही? तू कुठे शिकलास रे, विलायतेत?’

तो हसला, स्कूटर सुरू केली. मी तिथेच उभी, हातात पर्स आणि डोक्यात जाळ.

आता खरं तेही सांगते. गणिताचं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आमचे गणिताचे सर बदलून गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मुख्याध्यापकांनी वर पत्रं पाठवली. वरून उत्तर आलं नाही, सर्वेक्षणाचं काम मात्र आलं. कधी विज्ञानाच्या बाई गणिताचा तास घेत, कधी तो तास मैदानावर जाई. याचा राग मला नव्हता असं कुणी समजू नये. मी स्टाफरूममध्ये यावरून इतकी भांडले आहे की आता मी तोंड उघडलं की लोक डबे उघडतात.

पण मुलीच्या शिक्षणाचा जाब देवाला देणारा माझा भाऊ एकाही पालकसभेला आला नव्हता. एकाही! आमच्या पालकसभेला आया येतात. तुर्भ्याच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या अर्ध्या दिवसाची हजेरी बुडवून येतात, धुणीभांडी करणाऱ्या दोन घरांमधल्या वेळात धावत येतात आणि दारातूनच विचारतात, ‘बाई, आमचा नीट हाय ना?’ बाप जवळजवळ कुणाचाच येत नाही. माझ्या भावाला निरोप धाडला की तो म्हणायचा, ‘आत्या हाय की शाळेत.’ आणि आता याला एकदम जबाबदारी आठवली. आठवली ती कशी, तर मुलीला दप्तरासकट घरी बसवण्यापुरती.

हे त्याच्या डोक्यात आलं कुठून ते सांगते. आमच्याकडे नवीन पास्टर आले होते, तरुण, खारघरला राहणारे. माणूस कपटी नाही. तसा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांची बायको विज्ञानाची पदवीधर. ते दोघं आपल्या दोन मुलांना घरीच शिकवतात आणि मुलं खरोखरच चुणचुणीत आहेत, झाडांची नावं सांगतात, इंग्रजी धडाधड वाचतात. पास्टर प्रवचनात म्हणत, शिक्षण ही देवाने आईबापांवर टाकलेली जबाबदारी आहे, ती सरकारच्या गळ्यात मारून मोकळं होता येणार नाही. ऐकायला वाईट काहीच नाही. मीही माना डोलावल्या असत्या, जर समोर बसलेल्यांत निम्म्या आया सातवी नापास नसत्या.

माझे वडील कारखान्यात हेल्पर होते. नगरकडच्या खेड्यातून आलेले. आमच्या आजोबांना मिशनच्या शाळेने पाटी दिली, म्हणून वडील चौथीपर्यंत गेले, आणि वडिलांनी आम्हाला सरकारी शाळेत घातलं कारण दुसरी परवडत नव्हती. तिसरीत असताना एकदा शाळेत पूजा होती. आमच्या बाईंनी मला वर्गाबाहेर बसवलं. ‘तुमच्यात चालत नाही ना,’ म्हणाल्या. त्यांनी वाईट मनाने केलं नसेल. मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी वडील ग्रीसचे डाग पडलेल्या कारखान्याच्या ड्रेसवरच शाळेत आले आणि मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले. ‘माझी पोर पूजा करणार नाही,’ ते म्हणाले, ‘पण ती रांगेत बसणार. सगळ्यांबरोबर बसणार.’ आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. मुख्याध्यापकांनी मान हलवली. त्यानंतर मी दर वर्षी रांगेत बसले, गप्प, आणि खोबरंही खाल्लं.

आईबापाची जबाबदारी म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. माझा भाऊ तेव्हा पाळण्यात होता, पण ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की त्याला ती तोंडपाठ असायला हवी.

महिन्याभराने एका दुपारी मी भावाच्या घरी गेले. शाळा लवकर सुटली होती. भावजय पोळ्या लाटण्याचं काम करते, एका पोळीभाजी केंद्रात, सकाळच्या पाळीला. ती नुकतीच आली होती, हातांना पीठ. तिने हात धुतले, पुसले आणि भाचीसमोर जमिनीवर बसली. समोर इंग्रजी पुस्तकं होती, गुळगुळीत कागदाची, परदेशातून आलेली. पास्टरांच्या बायकोने दिलेली. वाचायचं, रिकाम्या ओळीत उत्तरं लिहायची, आणि मग पालकाने उत्तरांच्या पुस्तकात बघून तपासायचं. सातवीपर्यंत मराठीत शिकलेली पोर आणि पानापानांवर बर्फ, घोडे, लाकडी घरं.

भावजयीने एका हातात उत्तरांचं पुस्तक धरलं, दुसऱ्या हाताचं बोट मुलीच्या ओळीवर ठेवलं. एक अक्षर इकडचं, एक अक्षर तिकडचं. बोट पुढे सरके, ओठ हलत. मग ती थांबली आणि तिने लाल पेनाने फुली मारली.

मी वाकून पाहिलं. गावाला पाणी का महत्त्वाचं, असा काहीतरी प्रश्न होता. भाचीने दोन ओळी स्वतःच्या मनाने लिहिल्या होत्या. मोडकं इंग्रजी, पण बरोबर. पाणी असलं तर बायकांना लांब जावं लागत नाही आणि मुली शाळेत जाऊ शकतात, असं तिने लिहिलं होतं. उत्तरांच्या पुस्तकात दुसरंच काही होतं, शेती आणि गुरांबद्दल.

‘अगं, हे बरोबर आहे,’ मी म्हणाले. ‘फुली का मारलीस?’

‘आत्या, मी तेच सांगते तिला,’ भाची म्हणाली. ‘आई ऐकतच नाय.’

भावजयीने पेन खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते.

‘मला अर्थ न्हाई कळत, ताई,’ ती म्हणाली. ‘मला नुसती अक्षरं दिसत्यात. जुळली तर बरोबर, न्हाई जुळली तर फुली. दुसरं काय करू?’

 भाचीने वही ओढून घेतली, आपल्या दोन ओळी खोडल्या आणि उत्तरांच्या पुस्तकातल्या ओळी तशाच्या तशा उतरवल्या. आईने पुन्हा बोट फिरवलं आणि बरोबरची खूण केली. हुशार पोर. महिन्याभरात काय शिकली, तर आपल्या डोक्यातलं खोडायला.

म्हणजे आईबापाची जबाबदारी ही अशी वाटली गेली होती. साक्ष देऊन शाबासकी मिळवायचं काम बापाचं आणि न येणाऱ्या भाषेत परीक्षक व्हायचं काम आईचं, तेही पन्नास घरांच्या पोळ्या लाटून आल्यावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथून निघाले ती रिक्षा करून, मग लोकल आणि मेट्रो धरून थेट खारघरला, पास्टरांकडे.

त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘सिस्टर, मी कुणालाच शाळेतून काढा म्हटलं नाही. मी आईबापांना त्यांच्या जबाबदारीची आठवण करून दिली. निर्णय त्यांचा आहे.’

‘तुमच्या मिसेसना शिकवता येतं. माझ्या भावजयीला नाही येत.’

‘देव सामर्थ्य देतो.’

‘देव सामर्थ्य देतो, पास्टर, पण तो इंग्रजीचा क्लास घेत नाही. आणि समजा घेतोच, तर आमच्या शाळेत का नाही घेणार? तिथली पोरं दुपारच्या खिचडीसाठी ताट घेऊन रांगेत उभी राहतात. तिथं देव नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?’

ते दुखावले. मला ते दिसलं आणि मी थांबले नाही. शेवटी ते म्हणाले, भावाला वाटलं तर तो मुलीला परत शाळेत घालू शकतो, त्यांची काही हरकत नाही. मी भावाला फोन केला.  तो म्हणाला, ‘ताई, सगळ्यांसमोर साक्ष दिलीय मी. आता कुठल्या तोंडाने?’

म्हणजे त्यालाही कळलं होतं. चुकलंय हे कळूनही पोरीचं वर्ष चाललं होतं, का, तर बापाला उभं राहून बोललेलं गिळता येत नव्हतं. त्या फोनवर मी त्याला जे जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा होता. मंडळीतल्याच एका जोडप्याचं पहिलं बाळ. समाजमंदिरात आदल्या रात्रीच्या लग्नाची तोरणं तशीच लटकत होती, ती आम्ही मुद्दाम काढली नाहीत, बाळाला शोभतील म्हणून. आईबापांनी वचनं दिली. मग पास्टर आमच्याकडे वळले. आमच्यात अशी रीत आहे की मग मंडळीला उभं करून विचारतात, या लेकराला वाढवायला, शिकवायला तुम्ही या आईबापांना साहाय्य कराल का? आणि मंडळी उभ्याने म्हणते, ‘होय, देवाच्या साहाय्याने.’

सगळे उभे राहिले. मी बसून राहिले.

शेजारणीने माझा दंड हलवला. मी हलले नाही. सगळ्यांचं होय म्हणून झालं, बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं, बाळ रडलं, सगळे हसले. खाली बसल्यावर पास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. विचारायला नको होतं त्यांनी, पण विचारलं. ‘सिस्टर, तब्येत बरी नाही का?’

‘बरी आहे,’ मी म्हणाले आणि आता उठले. ‘या बाळाने मला माफ करावं. पण तेरा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये माझ्या भाचीचा बाप्तिस्मा झाला. मी तिची धर्ममाता. तेव्हा तुम्ही सगळे उभे होतात. सगळ्यांनी होय म्हटलं होतं. ती पोर शाळा सोडून घरात बसली आहे आणि इथल्या एकानेही तिच्या दाराची कडी वाजवलेली नाही. जबाबदारी आईबापाची असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले. मग आपण उभं कशाला राहतो? आधीचं होय फुकट गेलंय, नवीन कशाला द्यायचं?’

‘ताई, बस,’ भाऊ दात आवळून म्हणाला.

‘नाही बसणार.’

 तेवढ्यात एक खुर्ची सरकली. भावजय उभी राहिली होती. लग्न होऊन आल्यापासून या बाईने मंडळीत गीताखेरीज शब्द उच्चारलेला मी ऐकला नव्हता.

‘मला साक्ष द्यायची हाय,’ ती म्हणाली.

साक्षीची वेळ कधीच होऊन गेली होती. पण पास्टरांनी मान हलवली.

‘प्रभूला धन्यवाद,’ तिने सुरुवात केली, जशी सगळे करतात तशी. मग अडखळली. ओढणीचं टोक धरलं आणि सोडून दिलं. ‘मला पोरीला शिकवता येत न्हाई. मी रोज देवाला इच्यारते, मी काय करू. ती बरोबर लिवती आन् मी फुली मारते. तिनं रात्री अंथरुणात मला इच्यारलं, आई, मी ढ हाय का? देवानं मला ही लेक दिली ती काय ढ करायला दिली का? तिला शाळंत घाला. माझी इनंती न्हाई, माझी साक्ष हाय ही.’

ती बसली. आणि मंडळी सवयीने म्हणाली, ‘आमेन.’

म्हणून झाल्यावर बऱ्याच जणांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. पण आमच्यात आमेन परत घेता येत नाही, हे भावाला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.  मग त्याने बायकोच्या मांडीवरून खाली पडलेलं गीतांचं पुस्तक उचललं आणि तिच्या हातात दिलं. तेवढंच. माफी वगैरे आमच्या घरात कुणी मागत नाही.

सोमवारी भाची शाळेत आली. आठवीच्या मुलीला वर्षाच्या मध्येही परत घेता येतं, मुख्याध्यापकांनी एका शब्दाने अडवलं नाही. पहिल्या तासाला ती माझ्याच वर्गात होती. मी तिला उभं करून धडा वाचायला लावला. तिच्या मैत्रिणी खिदळत होत्या आणि मी त्यांना उगीचच ओरडले.

इथे हे संपलं असतं तर मी सुखाने झोपले असते. पण पुढच्या पालकसभेला माझा भाऊ आला. कळंबोलीहून थेट, शर्टावर लोखंडाच्या गंजाची तांबूस धूळ. पॅकिंगवाल्या आणि धुणीभांडीवाल्या आयांच्या मध्ये, मुलांच्या बाकावर गुडघे आखडून बसला. मुख्याध्यापकांनी स्वच्छतेबद्दल सांगितलं, गणवेशाबद्दल सांगितलं. कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाले आणि उठायला लागले, कारण कधीच कुणी काही विचारत नाही.

भाऊ उभा राहिला.

‘आठवीला गनिताचा शिक्षक नाय,’ तो म्हणाला. ‘का नाय?’

मुख्याध्यापकांनी पत्रांचं सांगितलं. भाऊ म्हणाला, पत्रांचं नको, शिक्षक कधी येणार ते सांगा. माल कमी भरला की तो ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात. आया बाकांवर सरळ बसल्या. एक म्हणाली, ‘हां, सांगा ना.’ मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या रांगेकडे पाहिलं आणि शिक्षकांनी माझ्याकडे, कारण तो माझा भाऊ. मग त्यानेही माझ्याकडे पाहिलं. ग्रीसचे डाग नव्हते, गंज होता, बाकी सगळं तेच. फक्त मी या वेळी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते, सरकारच्या खुर्चीत.

‘सांग ना, ताई,’ तो म्हणाला.

मी परत मुख्याध्यापकांकडे पाहिलं.

‘ठीक हाय. उद्या येतो परत,’ तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो आला, बरोबर दोघी-तिघी आयाही आल्या. नंतरही येत राहिले. गणिताचे शिक्षक अजून आलेले नाहीत.